नऊ हरकती आणि एक बाल्कनी

प्रश्न : आम्ही लंडनच्या वायव्येकडील एका उपनगरात, १९३० च्या दशकात बांधलेल्या सेमी-डिटॅच्ड (एका बाजूने शेजारच्या घराला जोडलेल्या) घरात राहतो. घरात आम्ही दोघे, दोन मुले आणि सासूबाई आहोत. मुलगी पुढच्या वर्षी जीसीएसईला (आपल्याकडच्या दहावीसारख्या परीक्षेला) बसेल आणि तिला अजून धाकट्या भावाबरोबर एकाच खोलीत अभ्यास करावा लागतो, म्हणून पोटमाळ्यावर एक बेडरूम व बाथरूम काढण्यासाठी आम्ही कौन्सिलकडे (स्थानिक प्रशासनाकडे) परवानगीचा अर्ज केला. नकाशात बाजूचे उतरते छप्पर उभ्या भिंतीपर्यंत वाढवले आहे, मागे पूर्ण रुंदीचा डॉर्मर (उतरत्या छपरातून बाहेर काढलेला, खिडक्या असलेला उभा भाग) आहे आणि त्याला सव्वा मीटर खोल बाल्कनी आहे. छपराची एकूण वाढ ५४ घनमीटर होते. अर्ज जाहीर झाल्यावर तीन आठवड्यांत नऊ हरकती आल्या. मागच्या रस्त्यावरच्या बाईंना आपल्या बागेची आणि स्वयंपाकघराची काळजी आहे, भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या वृद्ध बाईंना भिंत तडकण्याची भीती वाटते, कोणी घरांच्या किमतीबद्दल, कोणी पार्किंगबद्दल, कोणी उजेडाबद्दल, तर कोणी वटवाघळांबद्दल लिहिले आहे. एका पत्रात ‘अशा कुटुंबांत’ किती माणसे राहतात याची चौकशी करावी, असे म्हटले आहे. केस ऑफिसरने (अर्ज हाताळणाऱ्या कौन्सिलच्या अधिकाऱ्याने) ईमेल करून बाल्कनी आणि डॉर्मरचा आकार याबद्दल चिंता व्यक्त केली असून नकाशे बदलले नाहीत तर अर्ज नामंजूर होईल, असे कळवले आहे. माझे पती म्हणतात, काहीही बदलायचे नाही, अपील करू. मंडळातल्या मैत्रिणी पाठिंब्याची पत्रे लिहायला तयार आहेत. मला मात्र रस्त्यात शेजारी दिसले तरी बोलावेसे वाटत नाही, आणि रात्री झोप लागत नाही. आम्ही काय करावे?

उत्तर :

प्रिय भगिनी,

तुम्ही पाठवलेले नकाशे आणि नऊही हरकती मी काळजीपूर्वक वाचल्या. सर्वांत आधी तातडीचे सांगते. केस ऑफिसरच्या ईमेलला धमकी समजू नका. अर्जदाराला नकाशे बदलण्याची संधी देणे त्यांच्यावर बंधनकारक नसते, आणि हाताखाली ढीगभर अर्ज असलेले अधिकारी पुष्कळदा काही न विचारता नामंजुरी लिहून मोकळे होतात. त्यांनी विचारले, याचा अर्थ पोटमाळ्यावर खोली करण्याला त्यांचा मुळात विरोध नाही, अडचण दोनच ठिकाणी आहे. माझा सल्ला असा की बाल्कनी पूर्णपणे काढून टाका, डॉर्मर मीटरभर अरुंद करा, आणि नवे नकाशे पाठवण्याआधी मागच्या बाईंना व शेजारच्या वृद्ध बाईंना स्वतः जाऊन भेटा.

नऊ या आकड्याने तुम्हाला धसका बसला आहे, तो आधी मनातून काढा. इंग्लंडमधील प्लॅनिंगच्या, म्हणजे बांधकाम परवानगीच्या, अर्जावर मतदान होत नाही. २००४ च्या प्लॅनिंग कायद्यातील कलम ३८(६) नुसार निर्णय कौन्सिलच्या मंजूर विकास आराखड्याप्रमाणे द्यावा लागतो, आणि त्यापासून दूर जायचे असेल तर जमिनीच्या व इमारतीच्या वापराशी संबंधित असे सबळ कारण लागते. त्यामुळे एकच मुद्दा नऊ जणांनी लिहिला तरी तो एकच मुद्दा राहतो, आणि एकाच माणसाने लिहिलेला योग्य मुद्दा अर्ज अडवू शकतो. मैत्रिणींच्या पाठिंब्याच्या पत्रांचे उत्तर यातच आहे. दुसऱ्या गावात राहणाऱ्या ओळखीच्या लोकांनी ‘कुटुंब चांगले आहे’ असे लिहिल्याने डॉर्मरचा एक सेंटिमीटरही बदलत नाही, उलट ती पत्रे शेजाऱ्यांना वेबसाइटवर वाचायला मिळतात आणि आपल्याविरुद्ध माणसे जमवली जात आहेत असे त्यांना वाटते. मैत्रिणींचे आभार माना आणि त्यांना थांबवा.

घरांच्या किमती घसरतील, खिडकीतून दिसणारे दृश्य जाईल, बांधकामाचा आवाज व धूळ होईल, यांपैकी कशाच्याही आधारावर कौन्सिलला अर्ज नाकारता येत नाही, म्हणून ती पत्रे बाजूला ठेवा. पार्किंगचा मुद्दा नियमात बसतो, पण एका वाढीव बेडरूमसाठी तो क्वचितच निर्णायक ठरतो. उजेडाचाही मुद्दा बसतो, मात्र तुमचा डॉर्मर छपराच्या कण्यापेक्षा उंच जात नाही आणि मागच्या घरांपासून लांब आहे. बाजूला नव्याने उभी राहणारी भिंत पलीकडच्या घराच्या ज्या एका खिडकीवर सावली टाकेल, ती नकाशावरून जिन्याची खिडकी दिसते, आणि जिन्याला राहत्या खोलीइतके महत्त्व दिले जात नाही. तुमच्या जिन्यासाठी नव्या भिंतीत जी खिडकी दाखवली आहे, तिची काच मात्र धुरकट असावी आणि घरातल्या जमिनीपासून १.७ मीटरपर्यंत ती उघडता येऊ नये, एवढे आर्किटेक्टला नकाशावर स्पष्ट लिहायला सांगा.

आता मागच्या रस्त्यावरच्या बाईंचे पत्र. नऊ पत्रांत हे सर्वांत शांत आणि सर्वांत नेमके आहे. त्यांनी लिहिले आहे की तुमच्या वरच्या मजल्याच्या खिडक्या आजही त्यांच्या बागेकडे आहेत आणि त्यांची त्याला कधी हरकत नव्हती, परंतु बाल्कनीत खुर्ची टाकून बसलेल्या माणसाला त्यांचे न्याहारीचे टेबल आणि कुंपणाजवळचा बाक दोन्ही दिसतील. नकाशाशी ताडून पाहिले तर त्यांचे म्हणणे खरे आहे. दोन्ही घरांच्या मागच्या खिडक्यांत साधारण १९ मीटर अंतर आहे. बऱ्याच कौन्सिलांच्या मार्गदर्शिकांत समोरासमोरच्या राहत्या खोल्यांसाठी सुमारे २१ मीटरचा दंडक आढळतो, आणि शहरी वस्तीत खिडक्यांच्या बाबतीत त्यात थोडीफार सवलत मिळते. खिडकीपाशी माणूस क्षणभर उभा राहतो, बाल्कनीत तास न् तास बसतो, बोलतो, कठड्यावरून वाकून दोन्ही बाजूंच्या बागांकडेही पाहू शकतो, आणि हे सर्व दुसऱ्या मजल्याच्या उंचीवरून. केस ऑफिसरने बोट ठेवले आहे ते याच फरकावर.

बाजूंना उंच पडदे लावून बाल्कनी वाचवता येईल, असे तुमच्या आर्किटेक्टने सुचवल्याचे तुम्ही लिहिले आहे. तसे करू नका. पडद्यांनी बाजूची नजर अडेल, पण समोरची अडणार नाही, आणि छपरावर आणखी एक जड वस्तू उभी राहून आकाराबद्दलची तक्रार वाढेल. मुलीला हवी आहे ती दार लावून अभ्यास करता येईल अशी खोली, आणि त्या खोलीला बाल्कनीची गरज नाही. मोठी काच हवीच असेल तर आत उघडणारी दारे आणि त्यांना बाहेरून चिकटून कठडा, असे करता येते. पाऊल ठेवायला बाहेर जागाच नसल्यामुळे नियमांच्या दृष्टीने ती बाल्कनी मानली जात नाही.

डॉर्मरच्या आकाराबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण तुमच्या पतींचा सारा राग ‘समोरच्या घराने न विचारता बांधले, मग आम्हालाच परवानगी का’ या प्रश्नावर आहे, आणि तो प्रश्न रास्त आहे. इंग्लंडमध्ये २०१५ च्या आदेशानुसार घरमालकाला काही बांधकामे अर्ज न करता करण्याचा हक्क आहे. छपराच्या वाढीसाठी ही मर्यादा रांगेतल्या घरांना ४० घनमीटर आणि सेमी-डिटॅच्ड किंवा स्वतंत्र घरांना ५० घनमीटर आहे. अटी अशा की वाढ मूळ छपरापेक्षा उंच जाऊ नये, रस्त्याकडील दर्शनी उताराच्या पुढे येऊ नये, बाहेरून लावलेले साहित्य मूळ घराशी मिळतेजुळते असावे, डॉर्मर मूळ छपराच्या खालच्या कडेपासून किमान २० सेंटिमीटर आत असावा आणि बाल्कनी नसावी. घर संरक्षित परिसरात असेल तर हा हक्क मिळत नाही, फ्लॅटला तर तो कुठेच नाही. समोरच्या घराने बहुधा या चौकटीत राहून बांधले आहे. तुमचे घर संरक्षित परिसरात नाही, म्हणजे तुम्हाला अर्ज करावा लागला तो केवळ वरच्या ४ घनमीटरमुळे आणि बाल्कनीमुळे.

हे ५० घनमीटर मोजायचे असतात ते मूळ छपराच्या बाहेर नव्याने वाढलेल्या आकाराचे. आहे तो पोटमाळा त्यात धरत नाहीत, मात्र पूर्वीच्या मालकाने छपरात केलेली वाढ धरतात, म्हणून तसे काही झाले आहे का ते आर्किटेक्टला तपासू द्या. मूळ घर म्हणजे बांधले तेव्हाचे, आणि ते १ जुलै १९४८ पूर्वीचे असेल तर त्या दिवशी होते तसे घर. तुमचा डॉर्मर अडीच मीटर उंच आणि वरच्या बाजूला सुमारे चार मीटर खोल आहे. उतारावर बसत असल्यामुळे त्याचा छेद त्रिकोणी होतो, म्हणजे रुंदीच्या प्रत्येक मीटरमागे साधारण ५ घनमीटर. दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा मीटर आत घेतले तर वाढ ५४ वरून ४९ च्या आसपास येते. शिवाय डॉर्मर कडांपासून आत असावा आणि त्याच्या भोवती मूळ छपराची कौले दिसत राहावीत, हेच अनेक कौन्सिलांच्या मार्गदर्शिकांत सांगितलेले असते. आज नकाशात तुमचे मागचे छप्पर दिसतच नाही, दिसतो तो एक सपाट खोका. ‘छपरावर पेटी ठेवल्यासारखे’ असे ज्यांनी लिहिले आहे, त्यांचे शब्द कडवट असले तरी त्यांची नजर चुकलेली नाही. खोलीत या बदलाने कपाटांची जागा थोडी कमी होईल, पलंग आणि अभ्यासाचे टेबल मात्र जागच्या जागी राहतात. मी नकाशावर मोजून पाहिले.

‘जोडघराचा समतोल बिघडतो’ अशी हरकत दोघांनी घेतली आहे. एका बाजूचे छप्पर उतरते आणि दुसऱ्या बाजूचे उभ्या भिंतीचे, हे दिसायला खरोखरच विषम होते, आणि मला स्वतःला तसे छप्पर आवडत नाही. परंतु तसा बदल घरमालकाला परवानगीशिवायही करता येत असेल तर अधिकाऱ्याला ती गोष्ट विचारात घ्यावीच लागते. अर्ज नाकारल्यावर अर्जदार खरोखर दुसरे काय बांधू शकतो हा निर्णयाला लागू असणारा मुद्दा आहे, हे २०१७ मध्ये मॅन्सेल खटल्यात अपील न्यायालयाने स्पष्ट केले आहे. ५० घनमीटरच्या मर्यादेत बसणारा एक साधा आराखडा ईमेलसोबत जोडा आणि एवढेच लिहा की हा पर्याय उपलब्ध आहे. मात्र शेजाऱ्यांच्या दारात उभे राहून हे वाक्य उच्चारू नका. ‘तुम्ही काहीही म्हणा, आम्ही बांधणारच’ असेच ते त्यांच्या कानावर पडेल.

मग सगळाच अर्ज सोडून या हक्काखाली का बांधू नये, असे तुमचे पती विचारतील. बांधता येईल, आणि त्या वाटेने गेलात तर कौन्सिलकडून बांधकाम कायदेशीर असल्याचे प्रमाणपत्र आधी नक्की घ्या, कारण पुढे घर विकताना खरेदीदाराचा सॉलिसिटर (वकील) ते मागतोच. त्या अर्जात शेजाऱ्यांच्या आवडीनिवडीला स्थान नसते, फक्त मापे नियमात बसतात की नाही हे पाहिले जाते. पण मापात थोडी जरी चूक झाली तर सारेच बांधकाम बेकायदा ठरू शकते, आणि ४९ घनमीटरवर ही जोखीम तुमच्या बिल्डरच्या हाती सोपवणे मला सुरक्षित वाटत नाही. चालू अर्जावरच सुधारित नकाशांना मंजुरी मिळणे तुमच्यासाठी अधिक भक्कम आहे. प्रमाणपत्राची वाट हाताशी राहू द्या.

वटवाघळांचे पत्र थट्टेवारी नेऊ नका. इथे वटवाघळांच्या सर्व जातींना आणि त्यांच्या राहण्याच्या जागांना कायद्याचे संरक्षण आहे, आणि ते परवानगीने बांधा किंवा परवानगीशिवाय, दोन्ही वेळा लागू होते. पोटमाळ्यात विष्ठा दिसते का, कौलांत फटी आहेत का, याची जाणकाराकडून प्राथमिक पाहणी करून घ्या. काही आढळले तर संध्याकाळी बाहेर पडणारी वटवाघळे मोजण्याची पाहणी साधारण मे ते सप्टेंबर याच काळात होते, त्यामुळे उशीर केलात तर काम वर्षभर लांबू शकते.

‘अशा कुटुंबांत किती माणसे राहतात’ असे विचारणारे पत्र वाचून मलाही संताप आला. एका कुटुंबाने एकत्र राहण्यावर प्लॅनिंगच्या कायद्यात माणसांच्या संख्येची मर्यादा नाही. आजी, आईवडील आणि मुले हे एकच घर मानले जाते आणि ते कोणाला पटवून देण्याची तुम्हाला गरज नाही. त्या माणसाला उत्तर देऊ नका. केस ऑफिसरला वेगळा, छोटा ईमेल लिहून ते वाक्य दाखवा आणि ते वेबसाइटवरून काढण्याची विनंती करा. समानतेच्या २०१० च्या कायद्याने कौन्सिलवर या बाबतीत कर्तव्य घातलेले आहे, आणि भेदभावाचा मजकूर प्रसिद्ध न करण्याचे धोरण बहुतेक ठिकाणी असते. एक विनंती मात्र मनापासून करते. या एका पत्राचा रंग बाकीच्या आठांवर चढू देऊ नका. तुमच्या मजकुरातून मला जाणवले की आता सगळी गल्लीच तुम्हाला परकी वाटू लागली आहे. मागच्या बाईंनी पत्राच्या शेवटी तुमच्या मुलांना नवी खोली मिळावी अशी इच्छा व्यक्त केली आहे, ती ओळ तुम्ही मला पाठवलेल्या सारांशात नव्हती, मूळ पत्रात सापडली.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. अर्ज नामंजूर झाला तर तुम्हाला अपील करता येते. मंजूर झाला तर शेजाऱ्यांना अपील नाही, सहा आठवड्यांत न्यायालयात निर्णयाच्या कायदेशीरपणाला आव्हान देणे एवढाच खर्चिक मार्ग त्यांना उरतो. तीन आठवड्यांत लिहिलेले ते एक पत्र म्हणजे त्यांची बोलण्याची एकमेव पाळी असते, म्हणून लोक त्यात मनातले सगळे ओततात आणि सूर चढतो.

शेजारच्या वृद्ध बाईंची भीती प्लॅनिंगच्या कक्षेत येत नाही, पण माझ्या मते तुमच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची आहे. नव्या मजल्याचे लोखंडी बीम तुमच्या दोघींच्या सामाईक भिंतीत बसणार आहेत. त्यासाठी १९९६ च्या पार्टी वॉल (सामाईक भिंत) कायद्याप्रमाणे काम सुरू करण्याच्या किमान दोन महिने आधी त्यांना लेखी नोटीस द्यावी लागते. १४ दिवसांत त्यांनी लेखी संमती दिली नाही तर वाद आहे असे धरले जाते आणि सर्व्हेअर (बांधकामाची पाहणी करून निवाडा देणारा जाणकार) नेमावा लागतो. दोघांना मान्य असा एकच सर्व्हेअर चालतो, आणि त्याचा खर्च साधारणपणे बांधकाम करणाऱ्याने, म्हणजे तुम्ही, करायचा असतो. एकट्या राहणाऱ्या माणसाच्या दारात कायद्याच्या भाषेतला कागद अचानक पडला तर तो घाबरून कोणाला तरी फोन करतो, आणि मग दोन सर्व्हेअर व दोन बिले होतात.

म्हणून आधी जा. एकट्या जा, नकाशा घेऊन जा, आर्किटेक्टला नेऊ नका. बीम नेमका कुठे बसेल ते त्यांच्याच घरातल्या भिंतीपाशी उभ्या राहून दाखवा. काम सुरू होण्याआधी त्यांच्या बाजूच्या भिंतीचे, छताचे आणि कोपऱ्यांचे फोटो तारखेसह काढून एक प्रत त्यांना देऊ, नवीन तडा गेलाच तर आमच्या खर्चाने दुरुस्त करू, हे तोंडी सांगा आणि नंतर लेखीही द्या. कामाच्या वेळा विचारा. बहुतेक कौन्सिलांत आवाजाची कामे सोमवार ते शुक्रवार सकाळी ८ ते संध्याकाळी ६ आणि शनिवारी दुपारी १ पर्यंतच चालतात, पण त्या दुपारी झोपत असतील तर ठोकाठोकीची कामे तेवढा वेळ थांबवायला बिल्डरला सांगता येते. सासूबाईंना बरोबर नेले तरी चालेल. भिंतीपलीकडच्या दोन वृद्ध बायका एकमेकींना ओळखत असतील तर पुढचे सहा महिने दोघींना सोपे जातील.

मागच्या बाईंकडे जाताना सुधारित नकाशाच घेऊन जा आणि बाल्कनी काढल्याचे दाखवा. हरकत मागे घ्या, असे म्हणू नका. त्यांनी आपणहून कौन्सिलला कळवले तर उत्तम, नाही कळवले तरी नव्या नकाशांत तिचे कारणच उरत नाही.

अपिलाबद्दल पतींना एवढे सांगा. घरगुती अर्जाच्या नामंजुरीवर १२ आठवड्यांत प्लॅनिंग इन्स्पेक्टोरेटकडे (अशी अपिले ऐकणाऱ्या सरकारी संस्थेकडे) अपील करता येते, ते लेखीच चालते, आणि ते याच नकाशांवर होते. म्हणजे बाल्कनी आणि ५४ घनमीटर घेऊनच तुम्ही निरीक्षकासमोर जाल, आणि मागच्या बाईंचे ते नेमके पत्र त्यांच्या टेबलावर असेल. अर्ज मागे घेऊन नवा करण्यातही आता फायदा नाही, कारण पूर्वी मिळणारी दुसऱ्या अर्जाची मोफत संधी डिसेंबर २०२३ पासून बंद झाली आहे आणि पूर्ण फी पुन्हा भरावी लागते.

तेव्हा उद्याच केस ऑफिसरला लिहा की तुम्ही बाल्कनी काढून डॉर्मर अरुंद केलेले नकाशे पाठवत आहात, आर्किटेक्टला त्यासाठी दहा दिवस हवे आहेत, आणि निर्णयासाठीची आठ आठवड्यांची मुदत तितकी वाढवण्यास तुमची लेखी संमती आहे. ही संमती त्यांना हवी असते, कारण तिच्याशिवाय मुदत टळू नये म्हणून अधिकारी आहेत त्या नकाशांवरच निर्णय देऊन टाकतील. आर्किटेक्टकडून नवे नकाशे आले की ते कौन्सिलला पाठवण्याआधी दोन दिवस स्वतःकडे ठेवा, आणि त्या दोन दिवसांत दोन्ही घरी जाऊन या.